प्रादुर्भाव, प्रमाण आणि कोयनेची आवक

तासगावच्या एक ताई आशा सेविकांसाठी कर्करोगावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करताहेत. मूळ इंग्रजीत 'इन्सिडन्स' आणि 'प्रिव्हलन्स' असे दोन शब्द आहेत. त्यांनी दोन्हीकडे 'प्रादुर्भाव' लिहिलं, तपासणाऱ्याने दोन्हीकडे खोडून 'प्रमाण' केलं. बरोबर कोण, असं त्या विचारतात.

ताई, बरोबर दोघंही नाहीत.

'प्रादुर्भाव' व्युत्पत्तीने बिचारा निर्दोष आहे. 'प्रादुस्' म्हणजे उघड, दिसेल असं. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं. संस्कृतात देवाचाही प्रादुर्भाव होतो. पण तुमच्या तासगावात हा शब्द उच्चारला की समोरच्याला द्राक्षावरचा डाऊनी रोग दिसणार आणि हात फवारणीच्या पंपाकडे जाणार. एकाचा दुसऱ्याला न होणाऱ्या आजाराला फैलावाचा वास असलेला शब्द कशाला? 'लागण' तर नकोच. (वाळव्यात 'लागण वाढली' म्हटलंत तर उसाची लागण समजून आडसाली का पूर्वहंगामी, एवढंच विचारतील.)

'प्रमाण' निरुपद्रवी आहे, पण मुका. लाखात किती ते सांगतो. काय मोजलं ते सांगत नाही. आणि इथे सगळा घोळ तिथेच आहे.

पावसाळ्यात आपण सकाळी पेपरात पहिलं काय बघतो? कोयनेत आवक किती क्युसेक, साठा किती टीएमसी. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि आवक व साठा यांत गफलत कुणी करत नाही. इन्सिडन्स म्हणजे आवक : ठरावीक काळात, बहुधा वर्षात, निदान झालेले नवे रुग्ण. प्रिव्हलन्स म्हणजे साठा : एका वेळी हयात असलेले, नवे-जुने सगळे. कर्करोगात पुष्कळदा गेल्या ५ वर्षांत निदान झालेले आणि आज हयात असलेले एवढेच धरतात. आता गंमत बघा. उपचार सुधारले, माणसं जास्त जगली, तर आवक तेवढीच राहूनही साठा वाढतो. तिथे 'प्रमाण वाढलं' असं छापलं की चांगली बातमी वाईट होऊन घरोघर पोचते.

आवक मोजायची कुठे, हाही शब्दाचाच प्रश्न आहे. मिरजेच्या दवाखान्यांत बेळगाव-विजापूरकडून माणसं येतात. तिथले केसपेपर मोजून सांगली जिल्ह्याचा आकडा निघत नाही. म्हणून 'रुग्णालयातील नोंदणी' वेगळी आणि 'लोकसंख्याधारित नोंदणी' वेगळी. दुसरीत माणूस राहतो कुठे ते बघतात, उपचार कुठेही घेऊ देत. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून आहे. भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण हुडकायची पद्धत तिथे बसवली गेली.

पत्रकात पुढे 'एज-ॲडजस्टेड रेट' येईलच. त्याला 'वयानुरूप दर' म्हणू नका. तो वयागणिक दर वाटतो. 'वय-समायोजित दर' लिहा आणि शेजारी एक ओळ उलगडून द्या. पाटण-जावळीची तरणी माणसं मुंबईला माथाडीत गेली, गावात म्हातारीकोतारी उरली. कर्करोग उतारवयात जास्त, त्यामुळे साधा दर काढला तर ते गाव उगाच बदनाम होतं. दोन्ही ठिकाणची वयरचना सारखी धरून तुलना केली की तो दोष निघतो.

पारिभाषिक शब्द हवेच असतील तर डॉक्टरांच्या अहवालात इन्सिडन्सला 'आपाती दर' आणि प्रिव्हलन्सला 'व्याप्ती' चालतील. आशांच्या पत्रकात नकोत. तुमचं वाक्य होतं : 'जिल्ह्यात स्तनाच्या कर्करोगाचा प्रादुर्भाव वाढला आहे.' मूळ मजकूर नव्या निदानांबद्दल असेल तर मी लिहीन : 'जिल्ह्यात दरवर्षी स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण लाखामागे पूर्वीपेक्षा जास्त आढळत आहेत.' 'आढळत' मुद्दाम ठेवलाय. तपासण्या वाढल्या की सापडणंही वाढतं.