बारा पूर्ण की बारावं चालू?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्षभरापासून कथक शिकते, प्रारंभिक ही पहिली परीक्षा झाली आहे. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत ती '८ ते १२' गटात नाचली. तिच्या आधी स्टेजवर गेलेली मुलगी बारा वर्षांची, मध्यमा प्रथम ही चौथी परीक्षा झालेली. तिचं नृत्य पाहून माझी पोर विंगेतच रडायला लागली. हे नियमात बसतं का? मुलीला काय सांगू?
— एक आई, नंदनवन

उत्तर : नियमात बसतं, आणि म्हणूनच मला त्या नियमाचा राग येतो. आठ ते बारा म्हणजे तिसरी ते सातवी. शाळेत तिसरीतल्या मुलीपुढे कुणी सातवीचा पेपर ठेवत नाही. स्पर्धेत ठेवतात, कारण गट कमी असले की ट्रॉफ्या कमी लागतात आणि सगळं एका दिवसाच्या सभागृहाच्या भाड्यात आटोपतं.

कथकचंच सांगते, कारण तेच मी शिकवते. वर्षभर शिकलेली मुलगी ठाय म्हणजे संथ आणि दुगुन म्हणजे दुप्पट लयीत तत्कार (पायांचं काम) करते, सोपे तोडे म्हणजे छोट्या रचना करते, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा नेमकी सापडली की तिचा चेहरा खुलतो. चार वर्षं शिकलेली मुलगी चौगुनीत म्हणजे चौपट लयीत उभी राहते, परण म्हणजे पखवाजाच्या बोलांची रचना स्वतः पढंत करून (बोल तोंडाने म्हणून) नाचते. वयावरून उंची आणि दम यांचा अंदाज येतो, तयारीचा येत नाही. परीक्षकाच्या हाती जो कागद येतो त्यावर क्रमांक, नाव आणि गट एवढंच असतं. किती वर्षं शिक्षण झालं, हा रकाना मी जाईन तिथे मागून घेते.

खरं तर आपल्याकडे शिडी तयार आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बघा : प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, पुढे विशारद. प्रत्येक वयोगटाचे 'मध्यमेच्या आत' आणि 'मध्यमा व पुढे' असे दोन भाग केले तरी निम्म्या मुलींचं रडणं थांबेल. हिपहॉप किंवा बॉलिवूडला अशी परीक्षा नसते, तिथे आठवड्याला किती तास क्लास होतो ते विचारावं. अमेरिकेतल्या अनेक स्टुडिओ स्पर्धा नवशिके, मधले आणि तयार असे गट याच हिशेबाने पाडतात.

पुढच्या वेळी फी भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी नक्की विचारा. वय कोणत्या तारखेला मोजणार? आणि '१२ पर्यंत' म्हणजे बारा पूर्ण झालेली चालेल, की बारावं चालू असलेलीच? पहिल्या अर्थाने तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही मुलगी त्या गटात बसते, दुसऱ्या अर्थाने ती वर्षभर आधीच बाहेर पडते. भांडणं इथेच होतात. आयरिश नृत्यात १ जानेवारीला जे वय, तेच वर्षभर धरतात. बॉलरूम म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नृत्याची जागतिक संघटना त्या कॅलेंडर वर्षात कितवा वाढदिवस येतो ते बघते. दोन्ही पद्धती चालतील, फक्त ते फॉर्मवर छापलेलं असावं, आणि पुरावा म्हणून शाळेचा बोनाफाईड किंवा जन्मदाखला मागावा.

मुलीला नुसतं "तू छानच नाचलीस" म्हणू नका, तिला ते पटणार नाही. ती दुसरी मुलगी चार वर्षं शिकते आहे आणि तू एक, हे साध्या शब्दांत सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो.

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यातल्या आठ मुलींचा ग्रुप डान्स बसवला आहे. सहा जणी आठ वर्षांच्या, दोघी चौदाच्या. आयोजक म्हणतात सरासरी काढा. मग आम्ही '१० खालील' गटात जाऊ शकतो का?
— कोरिओग्राफर, महाल

उत्तर : गणित तुमच्या बाजूने आहे. सहा आठे अठ्ठेचाळीस आणि दोन चौदा अठ्ठावीस, एकूण ७६. आठाने भागले की साडेनऊ. अपूर्णांक सोडायचा असेल तर ९. पण दादा, समोर खरोखर आठ-नऊ वर्षांच्या मुलींचा ग्रुप असेल आणि तुमच्या त्या दोघी मधोमध उभ्या राहून लिफ्ट करत असतील, तर प्रेक्षकांनाही दिसेल की काय चाललंय.

सरासरीला लगाम हवा. अनेक स्पर्धा सरासरी काढतात, पण सर्वांत मोठ्या नर्तकीच्या वयापेक्षा ग्रुप फार खाली उतरू देत नाहीत. बॉलरूमच्या मुलांच्या गटांत तर जोडीतल्या मोठ्याच्या वयावरच गट ठरतो. तुम्ही '११ ते १४' मध्ये उतरा. जिंकायचंच असेल तर दोघींना वेगळं युगल बसवून द्या आणि सहा चिमुकल्यांना त्यांच्या गटात पाठवा. दोन नाच बसवायची मेहनत वाढेल, पण त्या सहा जणींना पहिल्यांदाच पुढच्या रांगेत उभं राहायला मिळेल.

प्रश्न : माझ्या विद्यार्थिनीने नवोदित गटात लागोपाठ दोनदा पहिला क्रमांक काढला. पालक म्हणतात, अजून एक वर्ष तिथेच राहू द्या, आत्मविश्वास वाढतो.
— नृत्यशिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : राहू देऊ नका. पालकांचा मान राखून, पण स्पष्ट सांगा. आयरिश नृत्याच्या स्पर्धांत जिंकलं की वरच्या पायरीवर जावंच लागतं, आणि तेही नाचागणिक. एखादी मुलगी रील या नाचात वर गेली तरी जिग या दुसऱ्या नाचात खालीच राहू शकते. मला हे फार न्यायाचं वाटतं. आपल्याकडेही कथकमध्ये तयार असलेली मुलगी लोकनृत्यात नवोदित असू शकते, तिथे तिला खुशाल नवोदित गटात उतरवा. कथकमध्ये मात्र ती जागा आता दुसऱ्या कुणाची आहे. वरच्या गटात ती पाचवी आली तरी परीक्षकांचे शेरे मागून घ्या आणि पुढचा रियाज त्यावर आखा.

आणखी एक. ती तुमच्या क्लासमध्ये लहान मुलींना शिकवून मानधन घेत असेल, तर फॉर्मवर तसं लिहा. पैसे घेऊन शिकवणाऱ्याला हौशी गटात घ्यायचं की नाही, हे आयोजकांनी ठरवायचं. पण त्यांच्यापासून ते लपवू नये.

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, लावणी करते. सगळीकडे '१८ च्या पुढे खुला गट' एवढंच असतं. वीस वर्षांच्या मुलींसमोर नाचायचं का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाचायचं, पण वेगळा गटही मागायचा. बॉलरूममध्ये ज्येष्ठांचे गट तिशी-पस्तिशीतच सुरू होतात आणि पुढे ४५, ५५, ६५ असे वर जातात. लावणीत तर अदाकारी वयाबरोबर पिकते, त्यामुळे परीक्षकाला तुमच्यात बघण्यासारखं पुष्कळ सापडेल. तरी घुंगरू बांधून दहा मिनिटं उडी-गिरकी घेणाऱ्या गुडघ्यांचं वय वेगळं असतंच. तुमच्यासारख्या पाच-सहा जणी गोळा करा आणि स्पर्धेचे फॉर्म निघायच्या आधी सगळ्यांच्या सहीचं पत्र आयोजकांना द्या. नावं आधी हातात पडली की ४० च्या पुढचा गट उघडायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.