मुलीला अमायलेजवर प्रोजेक्ट करू द्यावा का?

पत्र: मी इचलकरंजीत सायझिंगमध्ये कामाला आहे. मुलगी कोल्हापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला गरम जागी वाढणाऱ्या जिवाणूंमधलं, स्टार्च तोडणारं एन्झाइम शुद्ध करण्याचा प्रोजेक्ट घ्यायचाय. पाहुणे म्हणतात, त्यापेक्षा बी.एड. बरं. यातून नोकरी लागेल का?

उत्तर: नमस्कार. तुम्ही ताण्याला स्टार्चची खळ चढवता, ती कापड विणून झाल्यावर रंगाईआधी काढावी लागते, नाहीतर रंग सारखा बसत नाही. ती काढायला प्रोसेसवाले वापरतात ते अमायलेज, म्हणजे तुमच्या लेकीचाच विषय. स्टार्च गरम पाण्यात फुगल्यावर चांगला तुटतो, पण तेवढ्या उष्णतेत बहुतेक एन्झाइम निकामी होतात. म्हणून उष्णता सोसणारं एन्झाइम हवं. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं अमायलेज ९० अंशांवरही काम करतं आणि स्टार्चपासून सिरप बनवणारे कारखाने ते वापरतात.

पण नोकरी अमायलेजमुळे लागत नाही, ती प्रथिन शुद्ध करता येण्यामुळे लागते (एन्झाइम हेही एक प्रथिनच). लस, इन्शुलिन, अँटिबॉडी बनवणाऱ्या कंपन्यांत शुद्धीकरणाचा स्वतंत्र विभागच असतो. तिथे मुलाखतीत कॉलम, म्हणजे मिश्रणातली प्रथिनं वेगळी करणारी भरलेली नळी, स्वतः चालवलाय का, हे विचारतात.

म्हणून प्रोजेक्ट कुठपर्यंत जाणार, हे तिनं गाइडना आधीच विचारावं. अनेक प्रोजेक्ट स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन टाकून जिवाणूभोवती पारदर्शक वलय दिसलं, म्हणजे तिथला स्टार्च तुटलाय हे कळलं, की थांबतात, फार तर कच्च्या एन्झाइमचा तापमान आणि पीएचचा आलेख काढतात. ती फक्त सुरुवात आहे. अमोनियम सल्फेटनं प्रथिन खाली बसवणं, डायलिसिसनं त्यातलं मीठ काढणं, मग आयन एक्स्चेंज (विद्युतभारानुसार वेगळं करणारा) किंवा जेल फिल्ट्रेशनचा (आकारानुसार वेगळं करणारा) कॉलम आणि शेवटी प्रथिनांची शुद्धता दाखवणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर एकच पट्टा, इथपर्यंत गेलं पाहिजे. प्रत्येक पायरीला डीएनएसए पद्धतीनं (स्टार्च तुटून किती साखर सुटली ते रंगावरून बघून) एन्झाइमची क्रिया मोजायची, प्रथिन मोजायचं आणि शुद्धता किती पट वाढली, उतारा किती उरला, म्हणजे सुरुवातीच्या एन्झाइमपैकी किती हाती राहिलं, याचा तक्ता करायचा. उतारा घटणारच, त्याला घाबरू नये. तो का घटला हे तिला सांगता आलं, तर समोरचा माणूस ऐकून घेतो. कॅल्शियम घातल्यावर एन्झाइम जास्त टिकतं का, केएम आणि व्हीमॅक्स (एन्झाइमची स्टार्चशी जवळीक आणि कमाल वेग सांगणारे आकडे) किती, हे त्यानंतर.

नमुन्यासाठी राजापूरजवळचं उन्हाळे गावचं कुंड सगळ्यांना आठवतं. मी म्हणेन, साखर कारखान्यातल्या प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) कंपोस्टच्या ढिगाचा आतला भाग आधी बघा. तो चांगला तापलेला असतो आणि घराजवळ आहे.

पहिला पगार थोडाच असतो आणि नोकरीसाठी बहुधा पुण्या-मुंबईकडे जावं लागेल, हे धरून चाला. संशोधनात राहायचं असेल तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर येत नाही. तयारी याच वर्षी सुरू व्हावी, कारण प्रोजेक्टच्या सत्रात वेळ उरत नाही. शिकवायची तिची स्वतःची ओढ असेल तर बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. पाहुण्यांसाठी मात्र करायला लावू नका.

तिच्या विभागात थंड सेंट्रिफ्यूज (नमुना थंड ठेवून वेगानं फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र) आणि कॉलमची सोय आहे का, हे तिला या आठवड्यात बघायला सांगा. नसेल तर गाइडच्या पत्रानं शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या विभागात काम करता येईल का, हे विषय नक्की होण्याआधीच विचारा.