डेबियन सिड अपडेट केल्यावर काळी स्क्रीन येते, फॉर्मॅट मारू का? आणि असलं व्हर्जन वापरणं सेफ आहे का?

फॉर्मॅट मारू नका. निदान आज तरी नको.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: एनव्हिडियाचं कार्ड असलेला लॅपटॉप, त्यावर सहा महिन्यांपासून डेबियन सिड, म्हणजे डेबियन या लिनक्सची सतत बदलणारी, अस्थिर शाखा. परीक्षेमुळे दोन महिने अपडेट राहिलं, परवा एकदम फुल-अपग्रेड (गरज पडली तर पॅकेजं काढूनही सगळं नवं करणारी कमांड) मारलं, त्यात नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) आला आणि आता ग्रबनंतर (सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतोय. शिवाय एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) चालू आहे आणि एक्सझेड या फाइली आकसून लहान करणाऱ्या साधनातलं चोरदरवाज्याचं प्रकरण वाचून धास्ती बसलीय. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो. फोनवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, त्यामुळे कमांडही देवनागरीत आल्यात; टर्मिनलमध्ये टाकताना उच्चारावरून स्पेलिंग लावून घ्या.

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं तर मशीन ठणठणीत आहे, फक्त ग्राफिक्स रुसलंय. काहीच आलं नाही तर रीस्टार्ट करून ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि जुना कर्नल निवडा. मेनूच दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. नवा कर्नल आला म्हणून आधीचा लगेच उडवला जात नाही, तो तिथेच असतो. जुन्यावर डेस्कटॉप आला तर निम्मं निदान तिथेच झालं.

मग 'डीकेएमएस स्टेटस' चालवा; डीकेएमएस म्हणजे कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बांधणारं साधन. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने बांधला जातो आणि घोळ नेमका तिथे होतो. माझ्या पाहण्यात तीन प्रकार आलेत. नव्या कर्नलचं नाव यादीतच नसेल तर बहुधा त्याचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) आले नाहीत. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे पॅकेज टाका, पुढचं ते आपोआप करतं. बांधताना एरर आली असेल तर व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेने ड्रायव्हरच्या बिल्ड फोल्डरात जा, तिथल्या मेक डॉट लॉगमध्ये पहिली एरर कुठे आली ते बघा. पहिली म्हणतोय, शेवटची नाही; शेवटच्या चाळीस ओळी म्हणजे नुसती रडारड असते. बहुतेक वेळा कर्नल पुढे गेलेला असतो आणि ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. यात तुमची काही चूक नाही. जुन्या कर्नलवर काम चालू ठेवा, लिनक्स-इमेज-एएमडी६४ला 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावा (म्हणजे पॅकेजं बसवणारं ॲप्ट त्याला हात लावणार नाही) आणि ड्रायव्हरचं नवं पॅकेज येईपर्यंत थांबा. नंतर होल्ड काढायला मात्र विसरू नका, नाहीतर कर्नलच्या दुरुस्त्याही तिथेच अडकून पडतील.

तिसरा प्रकार फसवा आहे. डीकेएमएस म्हणतं 'इन्स्टॉल्ड', तरी पडदा काळाच. अशा वेळी जुन्या कर्नलवर येऊन 'जर्नलसीटीएल डॅश-बी डॅश-एक डॅश-के' चालवा. डॅश-एक म्हणजे आत्ताच्या आधीचं बूट, म्हणजे फसलेलं. त्यात 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' किंवा सहीबद्दल तशीच एखादी तक्रार सापडली तर सिक्युअर बूट आपलं काम करतंय: ज्या मॉड्यूलवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरवर) ओळखीची सही नाही ते तो आत घेत नाही. इंटरनेटवर निम्मे लोक सांगतील की बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करून टाका. करू नका. डीकेएमएसने तुमच्या मशीनपुरती एक किल्ली बनवून ठेवलेली असते, मॉक डॉट पब नावाची. ती 'मॉकयूटिल डॅश-डॅश-इम्पोर्ट'ने नोंदवा, एक पासवर्ड द्या आणि रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल. तो बघून घाबरू नका, 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड टाका. तो पडदा काही सेकंदच थांबतो. मी पहिल्यांदा चहा आणायला गेलो आणि परत आलो तोवर संधी गेली होती. सगळं पुन्हा करावं लागलं.

ड्रायव्हरचा काही संबंध नाही असं निघालं तर व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरातली हिस्टरी डॉट लॉग उघडा. प्रत्येक अपडेटची तारीख, कोणती कमांड दिली, काय आलं, काय बदललं आणि काय गेलं, सगळं त्यात असतं. मी 'रिमूव्ह' ही ओळ सगळ्यात आधी वाचतो, कारण सिडमध्ये आलेल्या पॅकेजांपेक्षा गेलेली पॅकेजं जास्त रडवतात. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डेबियनने ३२ बिट मशीनवरची २०३८ सालची घड्याळाची अडचण सोडवायला शेकडो लायब्ररींची नावं बदलली, शेवटी टी६४ जोडून. कित्येक आठवडे अर्धी पॅकेजं नव्या नावाची आणि अर्धी जुन्या नावाची असा संसार होता. त्या काळात फुल-अपग्रेड नीट न वाचता 'वाय' दाबलं की ॲप्ट डेस्कटॉपच काढायला निघायचं, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे आधी यादी दाखवून. मी स्वतः एकदा दाबलंय. तेव्हापासून रोजच्याला साधं 'ॲप्ट अपग्रेड', जे काहीही काढत नाही; आणि फुल-अपग्रेड फक्त वेळ हाताशी असेल तेव्हा, यादी वाचून.

एखादंच पॅकेज बिघडलं असेल तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गवर जुनी व्हर्जनं तारखेनुसार जपून ठेवलेली असतात. तिथून डेब फाइल उतरवून ॲप्टनेच टाका. छोट्या पॅकेजांचं निभतं. जीलिबसी या जवळपास सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या लायब्ररीसारख्या पायाच्या दगडाला मात्र खाली ओढू नका, वरचं सगळं कोसळेल.

आणि अपग्रेड चालू असताना लाईट गेली तर? लॅपटॉपला बॅटरी असते, माझ्या डेस्कटॉपला तेव्हा यूपीएस नव्हता. एका पावसाळ्यात नेमकी इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल) बनत असताना लाईट गेली आणि ती फाइल अर्धवट राहिली. पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन चालू केलं, डिस्क माउंट केली, देव, प्रॉक आणि सिस ही सिस्टमची फोल्डरं बाइंड करून आत सीएचरूट केलं (म्हणजे बिघडलेल्या सिस्टममध्ये शिरलो), 'डीपीकेजी डॅश-डॅश-कॉन्फिगर डॅश-ए' आणि मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस डॅश-यू डॅश-के ऑल' दिलं. एकही एरर नाही. रीस्टार्ट केलं तर तसंच. हे तीन वेळा. रात्री साडेबाराला ट्यूब पेटली: माझं बूट वेगळ्या पार्टिशनवर आहे आणि ते मी माउंटच केलं नव्हतं. सगळ्या नव्या फाइली मुख्य डिस्कवरच्या रिकाम्या बूट फोल्डरात पडत होत्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आणखी एक: ती उघडताना क्रिप्टटॅब या फाइलमध्ये जे नाव आहे तेच द्या. दुसरं दिलंत तर इनिट्रॅमएफएस कुलुपाच्या माहितीविनाच बनते आणि पुढच्या बूटला पासवर्ड विचारलाच जात नाही.

आता सेफ आहे का, ते.

एक्सझेडचं थोडक्यात: ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत कुणीतरी चोरदरवाजा घातला होता. 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं चांगलं काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला आणि मग हे केलं. डेबियनचा एसएसएच सर्व्हर सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या लायब्ररीला जोडलेला होता, ती लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीला, असा तो दरवाजा थेट एसएसएचमध्ये उघडत होता. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसच्या डेव्हलपरने, आणि तेही डेबियन सिडवरच. भलत्याच नावाने आलेली, लगेच नाकारली जाणारी लॉगिनंसुद्धा प्रोसेसर खातायत हे त्याला खटकलं, जिथे ०.३ सेकंद लागायचे तिथे ०.८ लागत होते. २९ मार्च २०२४ला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियन १२ या स्टेबलमध्ये ते आलंच नव्हतं. सिड आणि टेस्टिंगमध्ये (पुढच्या स्टेबलची तयारी होते ती शाखा) मात्र आलं होतं.

यातून लोक दोन उलटे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, 'सह्या तपासूनच पॅकेजं येतात, मग काळजी कसली?' त्या पॅकेजांवरही डेबियनची सही बरोबरच होती. ॲप्टची सही इतकंच सांगते की वाटेत कुणी फाइल बदलली नाही. मूळ लेखकानेच विष कालवलं असेल तर तिला ते कसं कळणार? दुसरा म्हणतो, 'मग अपडेटच करायचं नाही.' हे जास्त वाईट. डेबियनची सिक्युरिटी टीम स्टेबलकडे बघते, सिडची जबाबदारी त्या त्या पॅकेजच्या मेंटेनरवर असते आणि दुरुस्ती येते ती नव्या व्हर्जनमधूनच. दोन महिने अपडेट नाही म्हणजे दोन महिन्यांची भोकं उघडी, वर आता एकदम आलेला हा ढीग. टेस्टिंग सिडपेक्षा सुरक्षित असतं हाही गैरसमजच: सिडमधली दुरुस्ती तिथे पोचायला एरवी २ ते १० दिवस लागतात, आणि मध्ये दुसरं पॅकेज आडवं आलं तर आणखी.

मी आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, अपडेट करतो. ॲप्ट-लिस्टबग्ज टाकून ठेवलंय. ते पॅकेजं बसवण्याआधी गंभीर बग असलेल्यांची यादी दाखवतं आणि पुढे जायचं का विचारतं. नको असलेलं पॅकेज तिथल्या तिथे रोखून धरता येतं. सिड वापरायचं आणि हे टाकायचं नाही, हे मला तरी समजत नाही. मुख्य डिस्क बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर आहे आणि अपडेटआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत, जिच्यावर मागे जाता येतं) घेतो. पण वेगळं बूट पार्टिशन त्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही, त्यामुळे मागे गेल्यावर कर्नल नवा आणि मॉड्यूल जुनी अशी विजोड जोडी जमू शकते. तेव्हा ग्रबमधून कर्नलही जुनाच निवडायचा. आणि हे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेले. तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर असू द्या.

एसएसएचबद्दल: 'एसएस डॅश-टीएलएनपी' चालवून बघा की बाहेरच्यांसाठी कोण कोण दार उघडून बसलंय. डेबियनवर ओपनएसएसएच-सर्व्हर टाकलं की ते लगेच चालू होतं, आणि फायरवॉल आपणहून काहीच अडवत नाही. होस्टेलच्या वायफायवर हे नको. बाहेरून लॅपटॉपमध्ये शिरायची गरजच नसेल तर 'सिस्टमसीटीएल डिसेबल डॅश-डॅश-नाऊ एसएसएच', विषय संपला. गरज असेल तर पासवर्डऑथेंटिकेशनला नो करा, फक्त किल्लीने लॉगिन ठेवा आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनाने बाकीचं येणं बंद करा. एक्सझेडच्या वेळी माझ्या मशीनवर ५.६.१ होतं, पण एसएसएच बंद होतं, म्हणून त्या दिवशी जेवण गोड लागलं. दुरुस्त पॅकेजचं नाव ५.६.१ प्लस रिअली ५.४.५ असं आलं, कारण डेबियनच्या भांडारात व्हर्जनचा आकडा मागे नेता येत नाही. 'रिअली' वाचून तेवढ्यातही हसू आलं होतं.

उबुंटूचे पीपीए (लोकांनी चालवलेली वैयक्तिक पॅकेज भांडारं) सिडमध्ये मिसळू नका. असल्या खिचडीला डेबियनवाले फ्रँकनडेबियन म्हणतात आणि तिच्या तक्रारी कुणी मनावर घेत नाही. बग कळवायचा असेल तर रिपोर्टबग वापरा, पण लॉग जोडण्याआधी एकदा वाचा. ती तक्रार जगाला दिसते, आणि जर्नलमध्ये वायफायचं नाव, मशीनचं नाव, कधीकधी आणखीही काही असतं.

तुम्ही सिड फक्त नव्या कर्नलसाठी घेतलं असेल तर ऑगस्ट २०२५मध्ये आलेलं डेबियन १३ आणि त्यावर बॅकपोर्ट्समधला (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारातला) कर्नल, एवढ्यावर भागेल. पण ते परीक्षा झाल्यावर. आत्ता एफ३वर लॉगिन येतंय का आणि डीकेएमएस स्टेटस काय म्हणतंय, तेवढं बघून कळवा.