नाताळला दोन्ही मुलांना सारख्याच किमतीच्या भेटी द्याव्यात का?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: बारा वर्षांच्या मुलीला क्लासला जायला सायकल घ्यायचीच आहे, तर तीच नाताळची भेट म्हणून देऊ. मग सात वर्षांच्या मुलाला तेवढ्याच किमतीचं काय घ्यावं, ही तुमची काळजी. किमतीचं नंतर बोलू. आधी ती सायकल भेटींच्या हिशेबातून काढा. जी वस्तू एरवीही घ्यावीच लागणार होती ती भेट नव्हे, घरखर्च आहे. वर चकचकीत कागद लावला तरी घरखर्चच.

इतकं ठामपणे सांगतेय कारण वसईला आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चाललं. पप्पांची मुंबईत नोकरी, वाडी आई बघायची. पैसा बेताचा, पण नाताळात दोघांनी कधी हात आखडता घेतला नाही. 24 तारखेच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आलो की घरात मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यापाशी दोन पार्सलं असायची, एक माझं, एक धाकट्या भावाचं. माझं बहुतेक वेळा मोठं.

सातवीत होते तेव्हा मला माउथ ऑर्गन हवा होता. आमच्या चर्चच्या क्वायरमधला एक दादा तालमीनंतर वाजवायचा, आणि मी घरी जायचं सोडून ऐकत बसायचे. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, सुरू झाला तसं मी घरात रोज सांगत होते. पार्सलात निघालं दप्तर, आणि दप्तराच्या आत शाळेचे काळे बूट. भावाच्या खोक्यात रिमोटवर चालणारी गाडी, पप्पांनी क्रॉफर्ड मार्केटातून आणलेली. माझ्या जुन्या दप्तराचा बंद उसवला होता, नवं लागणारच होतं. आई म्हणाली, "तू मोठी आहेस, तुला समजतं." समजत होतंच. भावालाही जूनमध्ये नवं दप्तर आलं होतं आणि त्याला कुणी नाताळची भेट म्हटलं नव्हतं, तेही समजत होतं.

हा विषय निघाला की भाऊ आजही म्हणतो, "खर्च तर तुझ्यावरच जास्त व्हायचा." खरं आहे. दप्तर आणि बूट मिळून त्याच्या गाडीपेक्षा महाग होते. माउथ ऑर्गन त्या सगळ्यांत स्वस्त पडला असता. तुमच्या किमतीच्या तराजूत त्या नाताळात माझंच पारडं खाली होतं, म्हणजे तक्रार करायला मला तोंडच नाही. म्हणून तो तराजू मला मान्य नाही.

बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला लहानपणापासून ऐकत आलेय: धाकटा मुलगा वाटणीचा पैसा उडवून परत येतो, बाप त्याला मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला रुसतो. प्रवचन होतं ते धाकट्यावर आणि त्याला जवळ घेणाऱ्या बापावर. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात थोरला काय म्हणतो ते नीट वाचा. मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत, म्हणतो. बाप सांगतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. असेलही. तरी करडू राहिलं ते राहिलंच. घरातल्या थोरल्या मुलांना, आणि आपल्याकडे मुलींना तर हमखास, गरजेचं सगळं मिळतं आणि हौसेचं तेवढं राहतं. अन्याय झालाच तर इथे होतो.

आता मुलाबद्दल. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सात वर्षांचं मूल किंमत बघत नाही, नग मोजतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. दोन मुलांनी खोली आवरली, बक्षीस म्हणून पाच खोडरबरं होती, प्रत्येकाला दोन दिली. उरलेल्या एकाचं काय करू, असं 6 ते 8 वर्षांच्या मुलांना विचारलं. बहुतेकांनी ते फेकून द्यायला सांगितलं. पण एकाने जास्त काम केलंय असं कळल्यावर जास्तीचं खोडरबर त्यालाच द्या म्हणाली. म्हणजे फरक त्यांना चालतो, कारण खरं असलं पाहिजे. तेव्हा पार्सलं सारखी ठेवा, दोघांना एकाच वेळी उघडू द्या, आणि सायकलीच्या किमतीची बरोबरी करायला त्याच्यापुढे खेळण्यांचा ढीग रचू नका. मुलीला मात्र बाजूला बसवून विचारा, तुला स्वतःला काय हवंय. "चालेल काहीही" म्हणाली तर पुन्हा विचारा. मोठ्या मुली असं म्हणायला फार लवकर शिकतात.

गेल्या नाताळात माझ्या भावाने लेकीला अभ्यासाचं टेबल दिलं आणि लेकाला स्केट्स. पोरगी टेबलाला हात लावून "छान आहे" म्हणाली. मी भावाला तिथल्या तिथे सुनावलं. तो म्हणाला, "अजून त्या माउथ ऑर्गनवरच आहेस?" हो, आहे. यंदा आगमनकाळाच्या आधीच त्याला बजावून ठेवलंय की लेकीला गरजेचं जे काही घ्यायचं ते दिवाळीच्या आतच घेऊन टाक, गोठ्यापाशी ठेवू नकोस. आईला हे सगळं अजून पटत नाही. तिच्या मते बूट चांगले होते. चांगले होतेच, दोन वर्षं टिकले.

एक राहिलं. सायकल तिने स्वतः मागितली असेल, दुकानासमोर थांबून रंगसुद्धा ठरवला असेल, तर मी वर लिहिलेलं तिला लागू नाही. तेव्हा तीच तिची भेट, आणि मुलाचं खेळणं कितीही स्वस्त असलं तरी चालेल. त्याने विचारलं तर सांगा की बारा वर्षांचा झालास की तुलाही सायकल मिळेल. फक्त हे तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा, कारण तो विसरणार नाही.