४६ नंबरची बस

प्रिय पोरी,

तुझी बारा पानं वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती मोठ्याने आणि खिडकी लावून घेऊन, नाहीतर शेजाऱ्यांना वाटलं असतं, म्हातारा एकटाच गजाली करायला लागला. ट्रिनिडाडच्या सॅम सेल्व्हनची ‘द लोन्ली लंडनर्स’, म्हणजे वेस्ट इंडीजमधून लंडनला आलेल्या पोरांची कादंबरी, मालवणीत आणायची कल्पना धीट आहे. ऐन हिवाळ्यात गॅलहॅड लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर उतरतो, अंगात पातळ सूट, सामान काहीच नाही, आणि तुझा मोझेस त्याला विचारतो, “थंडी नाय वाजत तुका?” मी खरंच हसलो.

पण पाच-सहा पानांनंतर काहीतरी खटकायला लागलं, आणि काय ते कळायला मला रात्र लागली. तुझी पात्रं मालवणी बोलतात, निवेदक मात्र सदाशिव पेठेत राहतो. अवतरणचिन्ह संपलं रे संपलं की इस्त्रीचा सदरा घातलेला एक गृहस्थ पुढे येतो आणि ‘मोझेसने ४६ क्रमांकाची बस पकडली’ असं सांगून जातो. ही आपल्याकडची जुनी खोड. गावचा माणूस बोलणार बोलीत, आणि त्याच्याविषयी सांगणारा मात्र प्रमाण भाषेत, एक पायरी वर उभा राहून. सेल्व्हनने १९५६ साली मोडली ती नेमकी हीच पायरी. त्याचा निवेदक त्या पोरांच्यातच बसलेला असतो, त्यांच्याच कॅरिबियन बोली इंग्रजीत सांगत. मूळ पहिलं वाक्य पुन्हा काढून बघ. चेपस्टो रोडच्या कोपऱ्यावर मोझेस बसमध्ये चढतो, आणि त्या क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्ययच नाही. माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल शाई ओतली असती. (चाळीस वर्षं ओतलीच म्हणा.)

आधी ही कादंबरी त्याने प्रमाण इंग्रजीत लिहून बघितली होती. जागची हलेना. बोलीत घेतल्यावर मात्र सुटली, सहा महिन्यांत हातावेगळी झाली. तेव्हा निवेदकाला खाली आण, पायरीवरून. मराठीत त्याची सोय आहेच. किस्सा सांगताना आपण आपसूक वर्तमानकाळात येतो ना? ‘मग हा उठतो, बस धरतो, बघतो तर काय...’ हे कट्ट्यावरचं व्याकरण तू रोज वापरतेस. ‘पकडली’ खोड आणि ‘पकडतो’ लिही, अर्धं काम तिथेच होईल.

आता मालवणीचं. माझं ऐकशील तर सोड. मोह मला कळतो, तुझ्या आजीची भाषा आहे. पण मालवणी कानावर पडली की वाचकाच्या डोळ्यांपुढे कणकवलीचा एसटी स्टँड येतो, वॉटर्लू येत नाही. शिवाय आपल्या नाटकांनी प्रेक्षकाला मालवणी म्हणजे हशा असं शिकवून ठेवलंय. इथे हशा आहे, पण त्याच्या तळाशी उपाशी हिवाळा आहे. काम नाही म्हणून गॅलहॅड बागेतलं कबुतर पकडतो, आणि तो नि मोझेस ते खातात. तो प्रसंग नुसता विनोदी झाला तर सगळं गेलं.

आणखी एक. ही माणसं एका गावची नाहीतच. मोझेस नि गॅलहॅड ट्रिनिडाडचे, टोलरॉय आणि त्याची टँटी (म्हणजे मावशी-आत्या) जमैकाची, फाइव्ह बार्बाडोसचा, कॅप तर नायजेरियाचा. ट्रिनिडाड आणि जमैका यांच्यात हजार मैलांहून जास्त समुद्र आहे. एरवी कोण कुणाला भेटणार होतं? भेटले ते लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत. बार्बाडोसचा कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग आणि सेल्व्हन १९५० साली एकाच बोटीने तिथे गेले. लॅमिंगने पुढे लिहिलं, की ‘वेस्ट इंडियन’ आपण झालो ते इंग्लंडात आल्यावर. सेल्व्हनची भाषाही तशीच, कुठल्याच बेटाच्या गल्लीत जशीच्या तशी सापडणार नाही. बाहेरच्या वाचकालाही कळेल इतपत त्याने ती बेतली. तुलाही एक मराठी बेतावी लागेल, जिला जिल्हा नाही. अवघड आहे. मला जमलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मी यातलंच एक प्रकरण इतक्या शुद्ध मराठीत केलं होतं की टँटी एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी बोलायची. ही टँटी दुकानदाराला उधारी द्यायला भाग पाडते, बरं का! वही अजून माळ्यावर असेल.

कान तयार करायचा तर कॅलिप्सो ऐक, ट्रिनिडाडची ती ताज्या घटनांवरची गाणी. २२ जून १९४८ ला ‘एम्पायर विंडरश’ बोटीतून वेस्ट इंडीजची माणसं लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली तेव्हा लॉर्ड किचनर या कॅलिप्सो गायकाने लंडनचं कौतुक करणारं गाणं बातमीपटवाल्यांच्या कॅमेऱ्यापुढे तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. आणि दुसरं आपल्या घरातलं. १९७१ मध्ये मुंबईच्या एका एकवीस वर्षांच्या पोराने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हा ट्रिनिडाडच्याच लॉर्ड रिलेटरने गावसकरवर कॅलिप्सो रचला. हरलेल्या संघाच्या माणसाने हरवणाऱ्याचं गाणं करायचं, तेही मजेत. कालची घटना आज चालीत, जरा टोचत. सेल्व्हनची पोरं किस्से सांगतात त्यांना तो ‘बॅलड’च म्हणतो, म्हणजे गाण्यातली गोष्ट. प्रकरणांना आदि-अंत का नाही म्हणून तू विचारलं होतंस. कडव्यांना असतो का?

या कादंबरीतल्या बायकांबद्दल तू चिडून लिहिलंयस. बरोबर चिडलीस. टँटी सोडली तर त्यांना फार जागा नाही, आणि पोरं ज्या तऱ्हेने त्यांच्याविषयी बोलतात ते झाकायचा प्रयत्न अनुवादात करू नकोस. त्याऐवजी अँटिग्वाच्या जमैका किंकेडची १९९० ची ‘लूसी’ वाच. लूसी परदेशात दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि आईची पत्रं न उघडता ठेवून देते. तिची मालकीण तिला मोठ्या प्रेमाने डॅफोडिलची फुलं दाखवायला नेते. लूसीला मात्र ती विळ्याने कापून काढावीशी वाटतात. कधी न बघितलेल्या त्या फुलांवरची कविता तिला शाळेत पाठ करायला लावली होती. आपल्याकडेही किती पिढ्यांनी ती घोकली. मी तर शिकवली, हावभावांसकट.

शेवटी एक शंका, तुझ्या प्रस्तावनेच्या कच्च्या मसुद्यावरून आलेली. सेल्व्हन भारतीय वंशाचा, म्हणून ‘आपला माणूस’ असं तू म्हटलंयस. जपून. १८४५ ला ‘फातेल रझाक’ जहाजापासून १९१७ पर्यंत ट्रिनिडाडला जे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, गेले ते बहुतेक भोजपुरी मुलुखातले, कलकत्त्याहून निघालेले. सेल्व्हनची आई तर अर्धी स्कॉटिश. तो स्वतःला आधी ट्रिनिडाडचा समजे. सेंट लुशियाचा कवी डेरेक वॉलकॉटने १९९२ च्या नोबेल भाषणात ट्रिनिडाडच्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेची गोष्ट सांगितली आहे. आधी त्याला त्यात हरवलेल्या भारताचे अवशेष दिसले, नाटक दिसलं. मग त्याचं त्यालाच कळलं, की ही पोरं नट नाहीत, त्यांच्या लेखी हे खरं आहे आणि ती आनंदात आहेत. त्याने कबूल केलं, की आपण नको तिथे शोक शोधत होतो. प्रस्तावनेतला ‘मुळांपासून तुटलेले’ हा शब्द तू चार वेळा वापरलायस. चारही काढ.

बारा पानं परत करू नकोस, पुढची पाठव. आधी लंडनच्या उन्हाळ्याचा तो भाग घे, पानंच्या पानं एक वाक्य आणि विरामचिन्ह एकही नाही. तिथे तुझा हात स्वल्पविरामाकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. मोठ्याने म्हण, धाप लागली की तिथे शब्द बदल.

तुझे,
सर