कान वाजतात, सकाळी थांबतात

प्रश्न : मी प्रेस मशीनवर काम करतो. कंपनीने कानात घालायला फोमचे प्लग दिलेत. ते घातले की फोर्कलिफ्टचा हॉर्न किंवा सोबत्याची हाक कळत नाही, म्हणून अधूनमधून काढून ठेवतो. घरी आल्यावर कान वाजत राहतात, सकाळी बरं वाटतं. काळजीचं काही आहे का? – एक वाचक

उत्तर : आहे. सकाळी बरं वाटतं म्हणून निर्धास्त राहू नका. आवाजाने दमलेल्या आतल्या कानातल्या बारीक पेशी रात्रभरात सावरतात, पण रोज तोच मारा झाला की हळूहळू मरतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. बहुतेकांचं 4000 हर्ट्‌झच्या आसपासचं, म्हणजे बारीक, उंच स्वराच्या आवाजांचं ऐकणं आधी जातं. मग आवाज येतो, शब्द लागत नाहीत. कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असताना कुणी ‘हल्ली सगळे पुटपुटतात’ म्हणालं, की मी आधी त्यालाच श्रवणतपासणीला धाडायचो. तुम्हीही करून घ्या. सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी. नाहीतर आदल्या दिवसाचा शीण तपासणीत उतरतो.

आता प्लग काढण्याचं. 30 डेसिबल अडवणारा प्लग 8 तासांपैकी 4 तास खिशात राहिला, तर दिवसाअखेर पदरात पडतं जेमतेम 3 डेसिबलचं संरक्षण. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते ना, आणि निम्मा वेळ कान उघडा राहिला की ती जेमतेम निम्मीच घटते, म्हणून. याच हिशेबाने 85 डेसिबलला 8 तास चालतात, 88 ला 4 आणि 91 ला फक्त 2.

पण तुम्ही हट्टाने काढत नाही, हेही खरं. हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. आवाज न मोजताच सगळ्यांना सरसकट सर्वांत जाड संरक्षण वाटायची खोड फार ठिकाणी दिसते. तुमच्या जागेची मोजणी मागा आणि कानापर्यंत 70 ते 80 डेसिबल पोहोचतील असा प्लग घ्या. फोर्कलिफ्टवर लुकलुकणारा दिवा आणि तिच्यासाठी वेगळी आखलेली वाट, हे तर प्लग असो-नसो हवंच.

खरं तर प्लग हा शेवटचा उपाय. सुपरवायझरला तो पहिला आठवतो, कारण स्वस्त पडतो. प्रेसचे सैल झालेले पत्रे आवळा, झिजलेलं बेअरिंग बदला, हवेच्या पाइपची शिट्टी वाजवणारी गळती बंद करा, तुकडे पडतात त्या लोखंडी घसरणीला रबर लावा. बराचसा गोंगाट तिथेच मरतो. या साऱ्याचा खर्च कामगाराच्या माथी नको, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1981 चा 155 क्रमांकाचा करार सांगतो. प्लगचे पैसे पगारातून कापत असतील तर हा मुद्दा सुरक्षा समितीत जरूर काढा.

तोवर प्लग नीट घाला. स्वच्छ बोटांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. आरशात समोरून पाहताना प्लगचं टोक बाहेर डोकावत असेल, तर काढून पुन्हा घाला.