बॅरिॲट्रिक सर्जरीने शुगर कायमची जाते का, की हा नुसता शॉर्टकट आहे?

भावाचं वजन 128 किलो, शुगर आहे, सर्जरी केली तर ती कायमची जाईल का आणि घरचे याला शॉर्टकट म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. शॉर्टकट शब्द वाचला आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

माझं वजन 112, उंची पाच फूट दोन इंच, दिवसाला 46 युनिट इन्सुलिन, वर बीपीच्या दोन गोळ्या. चालणं, डाएटिशियन, काढे, सगळं झालेलं, सहा किलो जायचे नि आठ परत यायचे. शेवटी गॅस्ट्रिक बायपास (बॅरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करायच्या सर्जरीचा एक प्रकार, पोट लहान करून अन्न थेट आतड्यात पुढे जोडतात) ठरवली तर आमच्या वन्सं (मिस्टरांची मोठी बहीण, वजन 52, लग्नापासून तेवढंच) चारचौघांत म्हणाल्या, "तोंडाला कुलूप लावता येत नाही म्हणून पोट कापून घ्यायचं." मी गिळलं.

चौथ्या दिवशी घरी आले. औषधाच्या टोपणाने घोट घोट पाणी, 30 मिली संपायला पंधरा मिनिटं. वन्सं बघायला आल्या त्या साजूक तुपातला शिरा घेऊन! मी कुठली खातेय, त्यांनीच खाल्ला. जरा वेळाने मी शुगर बघितली तर 124. इन्सुलिन हॉस्पिटलातच बंद केलेलं, आणि वजन तर जेमतेम दोन किलो उतरलेलं. म्हटलं मशीन बिघडलं. दुसरी स्ट्रिप, 121. मिस्टरांचं बोट टोचलं, 108. मग वन्संना म्हटलं तुम्ही द्या बोट. 267. "आत्ता शिरा खाल्ला ना," म्हणत त्यांनी बोट पदराला पुसलं. पुढच्या आठवड्यात लॅबचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आलं, 8.3, म्हणजे वन्संनाच शुगर.

बारीक माणसाने जाड्या माणसाला कंट्रोल शिकवू नये एवढंच माझं म्हणणं. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक यांनी 2004 साली स्वतःचा नि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटोच छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी त्या साहेबाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तो फोटो वन्संना व्हॉट्सॲपवर टाकला. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

तर शुगर वजनाच्या आधी का उतरते? एक तर खाणंच एकदम कमी होतं, त्यामुळे लिव्हर लवकर ताळ्यावर येतं. शिवाय बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि जीएलपी-1 नावाचं हॉर्मोन खूप जास्त सुटतं, हल्ली वजनाची इंजेक्शनं निघालीत ना, ती त्याचीच नक्कल. मग कुठला आला शॉर्टकट, शरीराचं गणितच बदलतं. माझी बीपीची एक गोळी सुटली, घोरणं थांबलं, फॅटी लिव्हर सोनोग्राफीत दिसेनासं झालं.

आता कायमची म्हणाल तर नाही. स्वीडनमध्ये सर्जरीवाल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं त्यात दोन वर्षांनी 72 टक्के लोकांची शुगर गेलेली होती, दहा वर्षांनी 36 टक्के. मलाच सहाव्या वर्षी मेटफॉर्मिनची एक गोळी परत सुरू झालीय, एचबीएवनसी 6.6, वजन 81. इन्सुलिन मात्र नाही. हे वन्संना अजून सांगितलेलं नाही.

आणि हो, तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, नंतर येतात. बी12, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर. मी एक वर्ष बी12 चा आळस केला तर तळपायाला मुंग्या यायला लागल्या. गोड जरा जास्त झालं की घाम, धडधड, आडवंच व्हावं लागतं. इन्शुरन्सवाले साधारण बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल तर विचारात घेतात, पॉलिसी आधी वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाहीत, भावाला शुगर किती वर्षांपासून आहे आणि इन्सुलिन चालू आहे का? जितकी जुनी तितकी जायला कठीण, कारण तोवर स्वादुपिंड थकलेलं असतं. ते सांगा, मग बायपास की स्लीव्ह (यात नुसतं पोट लहान करतात) यावर बोलू.